दोन पोथ्यांचा ताळा

ज्ञानेश्वरीत ओव्या किती, असा प्रश्न आपल्या जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी, सप्ताहाच्या मंडपात बसलेल्या एखाद्या वृद्ध वारकऱ्यास विचारला, तर तो 'नऊ हजार' असे चटकन सांगेल. त्याचे उत्तर खोटे नाही. परंतु ते व्यवहाराचे उत्तर आहे. छापील पोथी हाती घेऊन अध्यायवार मोजू लागले, म्हणजे पहिल्याच्या २७५, तेराव्याच्या ११७०, अठराव्याच्या १८१० असे करीत प्रचलित प्रतींची बेरीज नऊ हजारांच्या थोडी पुढे जाते. निराळ्या परंपरेची दुसरी प्रत घेतली, की बेरीज बदलते. मग मनुष्य साहजिकच विचारतो, की या प्रतीत आहेत आणि त्या प्रतीत नाहीत, अशा ओव्या कोणत्या? त्या प्रतीत आहेत आणि या प्रतीत नाहीत, अशा कोणत्या? आणि दोहींत आहेत अशा किती? प्रश्न दिसतो तो वाण्याच्या वहीचा ताळा घेण्यासारखा. पण या तीन प्रश्नांच्या पाठीमागे मराठी ग्रंथांच्या सातशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि अलीकडच्या पन्नास वर्षांत एका यंत्रानेही त्यात हात घातला आहे. तो इतिहास आज थोडक्यात पाहावयाचा आहे.

त्याचा आरंभ आपल्या घरापासूनच होतो. प्रवरेच्या काठी नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, यादव राजा रामचंद्र याच्या कारकिर्दीत ज्ञानेश्वरी सांगितली गेली. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले. नेवाशाचे नाव मात्र या ग्रंथाशी जे एकदा जोडले गेले ते तसेच आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ सांगितला असे परंपरा मानते, तो पैस खांब तेथे आजही पाहावयास मिळतो व त्यावर कोरलेला लेखही आहे. दगडावरचा लेख एकदाच कोरला जातो. तो झिजेल, फुटेल, पण त्याच्यात कोणी चार ओळी सहजासहजी वाढवू शकत नाही. कागदावरच्या ग्रंथाचे तसे नाही. तो नकलून नकलून जगतो, आणि प्रत्येक नकलेत थोडा बदलतो. ग्रंथाच्या अखेरीस शकाचा निर्देश करणारी जी ओवी आहे, तिच्यात टीका ज्ञानेश्वरांनी केली व सच्चिदानंदबाबा आदराने लेखक झाले असे सांगितले आहे. बोलणारा तिसराच कोणी असावा, अशी ही रचना. म्हणून ती ओवी कोणाची, हा वाद अभ्यासकांत चालत आला आहे. म्हणजे ग्रंथ केव्हा झाला हे ज्या ओवीवरून सांगावयाचे, तिच्यापाशीच ताळ्याचा प्रश्न येऊन थांबतो!

नकलकाराच्या हातून काय काय होते, हे समजून घेतल्याखेरीज पुढचे काहीच उमगणार नाही. समोर मूळ पोथी, मांडीवर कोरी पाने, हाती बोरू. नकलकार एक ओवी वाचतो, मनात धरतो आणि उतरवतो. ज्ञानेश्वरीत दृष्टांतांच्या रांगाच्या रांगा आहेत, आणि त्या रांगांतल्या कितीएक ओव्या 'कां', 'नातरी', 'जैसा' अशा त्याच त्या शब्दांनी सुरू होतात. नकलकाराने एक 'नातरी' उतरवून पुन्हा मूळ पोथीकडे पाहिले, की डोळा पहिल्या 'नातरी'वर पडण्याऐवजी दुसऱ्यावर पडतो, आणि मधली ओवी गेली! कोणाचा त्यात काही हेतू नाही. उलटही घडते. एखाद्या प्रवचनकाराने आपल्या पोथीच्या समासात स्वतःची एखादी ओवी, एखादा स्पष्टीकरणाचा चरण लिहून ठेवलेला असतो. पुढच्या पिढीचा नकलकार समजतो, की ही राहून गेलेली ओवी समासात घातली आहे; तो ती मजकुरात घेतो. झाली एक ओवी अधिक. आणि काही जण तर सरळ भक्तिभावानेच भर घालीत. आपली ओवी माउलीच्या ओवीशेजारी बसावी, ही इच्छा पापाची नव्हे. पण ग्रंथाला ती फार महाग पडते.

ही अडचण एकट्या ज्ञानेश्वरीची नव्हती. तिच्या थोडे आधी म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून लीळाचरित्र सिद्ध केले. पुढे धामधुमीत मूळ ग्रंथ नाहीसा झाला व शिष्यांच्या स्मरणांतून तो पुन्हा लिहावा लागला. एकाचे स्मरण एक, दुसऱ्याचे दुसरे. महानुभावांनी त्यावर काढलेला मार्ग आम्हांस फार प्रामाणिक वाटतो: एकाच लीळेविषयी स्मरणे भिन्न असतील, तेथे त्यांनी ती भिन्नता 'वासना' म्हणून ग्रंथातच नोंदवली. कोणाच्या स्मरणात काय अधिक आहे, हे वाचणाऱ्यास दिसले पाहिजे, हा विचार आपल्याकडे इतका जुना आहे.

ज्ञानेश्वरीचा ताळा पहिल्याने घेतला तो पैठणच्या एकनाथांनी. शके १५०६, तारण संवत्सर, म्हणजे इ. स. १५८४. ग्रंथास तीनशे वर्षे होत आली होती आणि गावोगाव पोथ्यांचे पाठ फाटत चालले होते. नाथांनी स्वतःच शेवटी सांगितले आहे, की ग्रंथ मुळात अतिशुद्ध होता, पाठांतरांनी तो अशुद्ध झाला, आणि तो शोधून आपण पूर्ववत् केला. इतकेच सांगून ते थांबले नाहीत. जो कोणी यात आपली मराठी ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे, असा इशाराही त्यांनी देऊन ठेवला. भाद्रपद वद्य षष्ठीस ज्ञानेश्वरी जयंती साजरी होते, ती याच शोधनाची आठवण होय.

नाथांच्या या कामाविषयी आम्हांस पूर्ण आदर आहे. तरी इतिहासाच्या दृष्टीने एक गोष्ट बोलून दाखवलीच पाहिजे. त्यांनी कोणत्या पोथ्या पाहिल्या, कोणत्या ओव्या गाळल्या आणि कोणत्या पाठाऐवजी कोणता पाठ घेतला, याची यादी आपल्या हाती आलेली नाही. नाथांची प्रत इतकी मान्य झाली, की पुढचे नकलकार बहुधा तिच्यावरूनच उतरवून घेऊ लागले. जुन्या, न शोधलेल्या पोथ्यांना मग कोण विचारणार? त्या वाळवीने खाल्ल्या, नाही तर नदीत गेल्या. शुद्ध प्रतीचा विजय झाला आणि त्या विजयातच तिच्या शुद्धतेचा पुरावा नाहीसा झाला, असे थोडे कटू वाटले तरी म्हणावे लागते.

छापखाना आला तेव्हा बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली मुंबईत ज्ञानेश्वरी शिळाप्रेसवर छापली. त्यानंतर अनेकांनी ती छापली. त्या प्रतींचा निराळा वृत्तांत येथे सांगण्याचे कारण नाही, कारण बहुतेकांच्या मुळाशी नाथांचीच परंपरा होती. खळबळ उडाली ती १९०९ साली. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांना बीडजवळ पाटांगण येथे एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांच्या शोधनापूर्वीची आहे, असे त्यांचे ठाम म्हणणे होते. ती त्यांनी छापली, आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. आता ताळा घेण्यास दुसरी बाजू मिळाली! या प्रतीत रूपे जुनी होती, पाठ निराळे होते, आणि ओव्यांची संख्याही प्रचलित प्रतीहून वेगळी होती.

वाद पेटला, आणि तो केवळ पंडितांचा वाद नव्हता. रोजच्या नित्यपाठात जी ओवी शेकडो वर्षे म्हटली गेली, ती राजवाडे यांच्या प्रतीत नाही असे दिसले, तर तिचे काय करावयाचे? राजवाडे यांचा स्वभाव तडजोडीचा नव्हता, आणि वारकरी मंडळींची श्रद्धाही तोलूनमापून धरलेली नव्हती. पुढे १९६० साली शासनाने ज्ञानेश्वरीची प्रत काढली. तिच्या समितीत सोनोपंत दांडेकर यांच्यासारखे अधिकारी वारकरी विद्वान होते आणि तिला आधार राजवाडे यांच्या प्रतीचा होता. हे दोन्ही एकत्र आले हे आम्ही त्या समितीचे मोठे यश समजतो. तरीही सप्ताहांतून वाचल्या जातात त्या बहुतेक प्रती प्रचलित पाठाच्याच.

येथे एका भ्रमाचे निरसन केले पाहिजे, कारण सुशिक्षितांतही तो पुष्कळ आढळतो. एका प्रतीत एखादी ओवी आहे आणि दुसरीत ती नाही, एवढे सिद्ध झाले, की लोक लगेच म्हणतात, 'म्हणजे ती मागाहून घुसडली!' पण दोनच प्रती हाती असता यावरून काहीच ठरत नाही. ती पहिलीत शिरली असेल किंवा दुसरीतून गळली असेल. दोन्ही पर्याय सारखेच उघडे असतात. वाण्याच्या वहीत एक रक्कम आहे आणि गिऱ्हाइकाच्या टिपणात नाही, म्हणून वाणी लबाड ठरत नाही. गिऱ्हाईकही विसराळू असू शकते. निर्णयासाठी तिसरा, चौथा, दहावा साक्षीदार लागतो, आणि ते साक्षीदार एकमेकांवरून नकललेले नसावे लागतात. नाथांच्या प्रतीवरून उतरवलेल्या शंभर पोथ्या म्हणजे शंभर साक्षी नव्हेत, एकच.

नेवाशाचेच दुसरे उदाहरण घ्या. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकळिया यांनी तेथील टेकाडात उत्खनन केले. टेकाड उघडले, म्हणजे थर दिसतात. वरचा थर अलीकडचा, खालचा जुना, हे सामान्यतः ठरलेले. पोथीत अशी सोय नाही. पाचशे वर्षांपूर्वीची ओवी आणि परवाची भर एकाच शाईत, एकाच हाताच्या अक्षरात, एकाच पानावर शेजारी शेजारी बसलेल्या असतात. पोथीतला थर ओळखावयाचा म्हणजे दुसरी पोथी शेजारी ठेवावयाची, याखेरीज मुख्य मार्ग नाही.

हा मार्ग पद्धतशीर रीतीने व प्रचंड प्रमाणावर चालवला तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने, महाभारताच्या बाबतीत. १९१९ साली काम हाती घेतले गेले, १९२५ पासून विष्णु सीताराम सुखटणकर यांच्याकडे संपादनाची धुरा आली, आणि १९६६ साली ते पुरे झाले. एकूण १२५९ हस्तलिखिते या कामासाठी तपासली गेली. एकट्या आदिपर्वास सुमारे ६० पोथ्या लागल्या. काम चालत असे ते असे: मोठ्या कागदावर चौकटी आखलेल्या, वरच्या ओळीत प्रमाण धरलेल्या प्रतीचा श्लोक, एका चौकटीत एक अक्षर, त्याखाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ. जेथे पोथीचे अक्षर वरच्यासारखेच, तेथे चौकट मोकळी. जेथे वेगळे, तेथेच ते लिहावयाचे. म्हणजे कागदावर उरत असे तो केवळ फरक. अशी पाने पुण्यात भरली जात, शांतिनिकेतनात भरली जात आणि तंजावरासही भरली जात.

यातून निघालेल्या अधिक ओळींचे सुखटणकरांनी काय केले, हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. त्यांनी त्या फेकल्या नाहीत. काही पोथ्यांतच आढळणाऱ्या ओळी त्यांनी मजकुराच्या खाली, तारकेचे चिन्ह व क्रमांक देऊन, कोणत्या पोथीत आहेत ते सांगून छापल्या. मोठे उतारे परिशिष्टांत घातले. व्यास सांगत आहेत आणि गणपती लिहून घेत आहेत ही कथा आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक. आदिपर्वाच्या चिकित्सित प्रतीत ती मजकुरात नाही, परिशिष्टात आहे. कित्येकांस याचा धक्का बसला. आमच्या मते त्यांनी रागावण्याचे कारण नव्हते. कथा नष्ट केलेली नाही. ती कोणकोणत्या पोथ्यांत आहे एवढेच तिच्या कपाळी लिहिले आहे. नाथांच्या कामाची जी यादी आपणांस मिळाली नाही, तशी यादी येथे पानोपानी आहे.

मराठी काव्याच्या बाबतीत हाच दंडक अनंत काकबा प्रियोळकर यांनी घातला. रघुनाथ पंडिताच्या दमयंतीस्वयंवराची त्यांची प्रत १९३५ सालची. पुढे मुक्तेश्वराच्या आदिपर्वासही त्यांनी हात घातला. तो तपशील त्यांच्या प्रस्तावनांतून मुळातच वाचावा.

आता यंत्राकडे वळू. अमेरिकेत न्यू जर्सी प्रांतात बेल प्रयोगशाळा म्हणून टेलिफोन कंपनीची संशोधनसंस्था होती. तेथे १९६९ पासून केन थॉम्प्सन, डेनिस रिची आदी मंडळींनी संगणकासाठी युनिक्स नावाची कार्यप्रणाली तयार केली. तिचे वैशिष्ट्य असे, की चित्रे नाहीत, बटणे नाहीत. एका ओळीत आज्ञा टंकावयाची आणि यंत्राने ती पाळावयाची. एकेक आज्ञा एकच लहानसे काम करी: एक ओळी क्रमाने लावी, दुसरी लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करी. १९७३ च्या सुमारास तिच्यात ली मॅकमहन यांनी 'कॉम' ही आज्ञा घातली. नाव आले ते 'सामाईक' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाच्या आद्याक्षरांवरून. गंमत अशी, की हे मॅकमहन स्वतः ग्रंथांच्या कर्तृत्वाच्या प्रश्नात रस घेणारे गृहस्थ होते. अमेरिकेच्या राज्यघटनेचे समर्थन करणारे ८५ लेख १७८७-८८ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झाले होते. त्यांतल्या बारांचे लेखक हॅमिल्टन की मॅडिसन, हा वाद पुढे दीर्घकाळ चालला. त्या लेखांच्या मजकुराची छाननी यंत्रावर करण्याचा मॅकमहन यांना नाद होता, असे त्यांचे सहकारी ब्रायन कर्निहॅन यांनी लिहून ठेवले आहे. ओवी कोणाची, हा नेवाशाचा प्रश्न आणि लेख कोणाचा, हा न्यूयॉर्कचा प्रश्न, जात एकच.

'कॉम' ही आज्ञा दोन याद्या घेते आणि तीन स्तंभ देते: केवळ पहिलीत असलेल्या ओळी, केवळ दुसरीत असलेल्या ओळी, दोहींत असलेल्या ओळी. नको असलेला स्तंभ झाकून ठेवता येतो. दुसरा आणि तिसरा झाकला, की उरतात त्या केवळ पहिल्या यादीच्या ओळी. हे ती कसे करते ते बाजाराच्या याद्यांवरून पाहा. पहिली यादी: आंबा, चिंच, पेरू, लिंबू. दुसरी: आंबा, पेरू, बोर, लिंबू. दोन्ही अक्षरक्रमाने लावलेल्या आहेत. दोन्ही हातांची बोटे पहिल्या नावावर ठेवा. आंबा आणि आंबा: सामाईक, दोन्ही बोटे खाली. चिंच आणि पेरू: चिंच अक्षरक्रमात आधी, आणि दुसरी यादी तर पेरूवर पोहोचली, तेव्हा चिंच दुसरीत असणे शक्य नाही. ती केवळ पहिलीची. पहिलेच बोट खाली. पेरू आणि पेरू: सामाईक. लिंबू आणि बोर: बोर आधी, म्हणून तो केवळ दुसरीचा. लिंबू आणि लिंबू: सामाईक. एका फेरीत काम संपले. यादी चार नावांची असो की चार लाख ओळींची, प्रत्येक ओळ एकदाच वाचावी लागते.

पण सारी मदार क्रमावर आहे. पहिल्या यादीत 'पेरू, आंबा' आणि दुसरीत 'आंबा, पेरू' अशी नावे असली, तर काय होईल? पेरू आणि आंबा यांत आंबा आधी, म्हणून तो केवळ दुसरीचा असे यंत्र सांगेल. मग पेरू सामाईक. आणि शेवटी पहिलीतला आंबा एकटा उरेल, तो केवळ पहिलीचा म्हणून छापला जाईल. एकच आंबा, आणि दोन्ही याद्यांत एकमेव ठरला! म्हणून आधी दोन्ही याद्या एकाच रीतीने लावून घ्याव्यात, आणि मगच ताळा घ्यावा.

दुसरी एक रीत लोक वापरतात. दोन्ही याद्या एकत्र ओतावयाच्या, क्रमाने लावावयाच्या, आणि जी ओळ एकदाच आली असेल तेवढीच मागावयाची. त्यासाठी 'युनिक' नावाची आज्ञा आहे. रीत सोपी आहे, पण निघालेली ओळ कोणत्या यादीतली हे तीत कळत नाही. त्यावर तोड अशी, की पहिली यादी एकदा आणि दुसरी यादी दोनदा ओतावी. मग दुसरीतली प्रत्येक ओळ निदान दोनदा येणार, आणि एकटी उरेल ती नक्की पहिलीचीच. युक्ती नामी आहे. मात्र एखादी ओळ पहिलीतच दोन ठिकाणी असली, तर ती निकालातून गुपचूप नाहीशी होते, हे ध्यानात ठेवावे. तिसरी आज्ञा 'ग्रेप'. एका यादीतली प्रत्येक ओळ दुसऱ्या यादीत शोधावयाची आणि न सापडलेल्याच छापावयाच्या, असे तिला सांगता येते. हिला क्रम लागत नाही, आणि मूळ क्रम मोडतही नाही. परंतु ओळ पूर्णपणे जुळली पाहिजे असे तिला स्पष्ट बजावावे लागते. नाही तर 'पेरू' हा शब्द 'पेरूची फोड' या ओळीतही सापडला असे ती मानते. आणि शोधयादीत चुकून एक रिकामी ओळ राहिली, तर ती साऱ्याच ओळींत सापडते व उत्तर कोरे येते.

ग्रंथाच्या बाबतीत क्रम मोडून चालत नाही, हे आपणांस जाणवले असेलच. ओवी आहे, पण दहा ओव्या पुढे गेली आहे, हीसुद्धा महत्त्वाची माहिती असते, आणि यादी अक्षरक्रमाने लावली की ती जाते. हा क्रम राखून फरक काढणारी 'डिफ' ही आज्ञा युनिक्समध्ये १९७४ साली आली. तिच्यामागची रीत जेम्स हंट व डग्लस मॅकिलरॉय यांनी १९७६ साली लिहून प्रसिद्ध केली. दोन्ही प्रतींत त्याच क्रमाने येणाऱ्या ओळींची सर्वांत लांब साखळी आधी शोधावयाची. साखळीबाहेर जे राहिले तो फरक. सुखटणकरांच्या चौकटींत भरणारा माणूस नजरेने जे करीत असे, त्याचेच हे गणित.

मग काय, दोन ज्ञानेश्वऱ्या यंत्रात घालाव्यात आणि चुटकीसरशी यादी काढावी? हा प्रयोग जो करील त्याची पहिल्या दिवशी निराशा होईल, असे भाकीत आम्ही निर्धास्तपणे करतो. यंत्र त्यास सांगेल, की पहिल्या प्रतीतील जवळजवळ सर्वच ओव्या केवळ पहिलीत आहेत व दुसरीतील सर्व केवळ दुसरीत! कारण यंत्र ओवी वाचीत नाही, ते चिन्हे जुळवते. एकीत 'केलें' आणि दुसरीत 'केले', एकीत 'तूं' आणि दुसरीत 'तू', एवढ्याने त्याच्या लेखी ओळ निराळी झाली. एकीत ओवीचा क्रमांक ओळीच्या शेवटी आहे, आणि वर कोठे तरी एक ओवी कमी असल्यामुळे पुढचे सारे क्रमांक एकाने सरकले आहेत. झाल्या साऱ्या ओव्या वेगळ्या. ओळीअखेर डोळ्यास न दिसणारी एक मोकळी जागा राहिली, तरी तोच प्रकार. आणि देवनागरीचे स्वतःचे दुखणे आहेच. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला तो अर्धा र संगणकावर दोन निरनिराळ्या चिन्हक्रमांनी उमटवता येतो. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. वाचणारा शपथेवर सांगेल की शब्द एकच आहे, आणि यंत्र शपथेवर सांगेल की दोन आहेत.

यावर उपाय असा, की मूळ उतारा यथाप्रत जपून ठेवावा, त्याच्या एका अनुस्वारासही हात लावू नये. आणि केवळ ताळ्यासाठी दुसरी एक नक्कल करावी. तिच्यात क्रमांक काढावेत, दंड काढावेत, मोकळ्या जागा सारख्या कराव्यात, जुने अनुस्वार गाळावेत, ऱ्हस्वदीर्घ एका नियमाने करावेत. मग ताळा घ्यावा आणि निघालेली प्रत्येक ओवी परत यथाप्रत उताऱ्यात जाऊन पाहावी. किती गाळावयाचे, हा मात्र विवेकाचा प्रश्न आहे. अनुस्वार गाळला, तर कोठे कोठे नपुंसकलिंग व विभक्तीचाच पुरावा गळतो, आणि राजवाडे यांनी जे व्याकरण उभारले ते अशाच बारीकसारीक खुणांवर. ज्याला ओव्यांची संख्या पाहावयाची आहे त्याने पुष्कळ गाळावे; ज्याला भाषा पाहावयाची आहे त्याने जवळजवळ काहीच गाळू नये. एका ताळ्याने दोन्ही कामे होत नाहीत.

इतके केल्यावर यंत्राची यादी खरोखर उपयोगी पडते, आणि माणसास महिने लागावेत ते काम क्षणात होते, यात संशय नाही. माणूस दमतो, तीनशेव्या ओवीपाशी त्याचाही डोळा एका 'नातरी'वरून दुसऱ्या 'नातरी'वर उडी मारतो, म्हणजे जी चूक शोधावयाची तीच तो करतो. यंत्राचा डोळा उडी मारीत नाही. त्याच्या यादीत सलग दृष्टांतांच्या रांगेतली एखादीच ओवी एका बाजूस कमी दिसली, आणि तिच्या मागच्यापुढच्या ओव्या एकाच शब्दाने सुरू होत असल्या, तर ती गळाली असावी असा तर्क पुष्कळ बळावतो. उलट, अधिक दिसणारी ओवी आधीच्या ओवीचा अर्थच पुन्हा सांगत असली, आणि तिच्या पहिल्या तीन चरणांची यमके ओढूनताणून जुळवलेली असली, तर समासातला प्रवचनकार आठवावा. हा निवाडा वाचकाने करावयाचा.

आणि हा निवाडा करताना राजवाडे यांच्या प्रतीपाशी आपण एका जागी अडतो. ज्या पोथीवरून त्यांनी १९०९ ची प्रत छापली, ती मूळ पोथी पुढे अभ्यासकांच्या हाती राहिली नाही. उरले ते छापील पुस्तक. त्या पुस्तकातल्या ओव्या यंत्रात घालून प्रचलित प्रतीशी ताडल्या, तर राजवाडे यांच्या प्रतीतच आहेत किंवा तीतच नाहीत, अशा ओव्यांची यादी निघेल. पण त्या यादीत जुन्या नकलकाराने गाळलेली ओवी, आणि पोथीवरून छापखान्यासाठी उतरवताना किंवा खिळे जुळवताना गळालेली ओवी, अशा दोन्ही एकाच स्तंभात, सारख्याच दिसणाऱ्या, एकीखाली एक उभ्या राहतील.